भाड्याचं घर घेताना आधार-पॅन कसं द्यावं

नवी मुंबईत खारघर, घणसोली, कोपरखैरणेला भाड्याचं घर शोधायला लागलात की एजंटचा मेसेज येतोच: "आधार, पॅन पाठवून ठेवा, मालकाला दाखवतो." घर अजून पाहिलेलंही नसतं. इथे सरळ नाही म्हणा. टोकन द्यायची वेळ येईपर्यंत नाव, नोकरी आणि घरात माणसं किती, एवढं मालकाला पुरतं. माहिती चोरीला गेली म्हटलं की आपल्याला कुठला तरी हॅकर आठवतो. पण आपणच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ किती जणांच्या फोनमध्ये पडून आहे, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

घर ठरल्यावर मास्क्ड आधार काढा. मायआधार या सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, 'डाउनलोड आधार'मध्ये जाऊन मास्क्डच्या चौकोनात टिक करा. १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसणारी प्रत मिळते. फाइलचा पासवर्ड असतो नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. म्हणजे तुमचं वय ज्याला ठाऊक, त्याला ती उघडता येते. तेव्हा पासवर्डच्या भरवशावर राहू नका. एजंटला आणि सोसायटीच्या ऑफिसला हीच प्रत द्या. "पूर्ण नंबर लागतो हो," असं ऐकवतील. तो लागतो कराराच्या ऑनलाइन नोंदणीला, आणि तेव्हा तो समोर बसून देता येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणं मालकाचं काम. त्यासाठी जे द्यायचं ते थेट मालकाला द्या.

प्रत्येक झेरॉक्सवर कारण लिहा. "फक्त भाडेकरारासाठी", फ्लॅट नंबर, तारीख आणि सही. अक्षरं फोटोवरून आणि मजकुरावरून आडवी जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. पॅनवर तर लिहाच. पॅन आणि जन्मतारीख हाती लागली की तुमच्या नावावर छोटं ऑनलाइन कर्ज काढायचा प्रयत्न होऊ शकतो.

झेरॉक्सच्या दुकानातून फाइल उडवल्याशिवाय निघू नका. दुकान वाशी स्टेशनबाहेरचं असो की नाक्यावरचं, रीत एकच: "या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा." दुकानदार कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतो, फाइल डाउनलोड करतो, प्रिंट काढतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. डाउनलोड्सचा फोल्डर उघडा दिसलाच तर नजर टाका: आधार, मार्कशीट, सॅलरी स्लिप, कुणाचं तरी बँक स्टेटमेंट, सगळं एकाखाली एक. तुम्ही 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलंत तर चॅटमधून जातं, फोल्डरमध्ये उतरलेली फाइल राहते. म्हणून काउंटरवरच सांगा, "दादा, डाउनलोडमधून उडवा, रिसायकल बिनमधूनही." बहुतेक जण कुरकुर न करता उडवतात. बिघडलेली प्रिंटही सोबत आणा, डब्यात टाकू नका.

नोंदणीच्या दिवशी अंगठा डोळे उघडे ठेवून द्या. एजंटचा माणूस लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. "नाही आला, परत लावा," असं म्हणाला तर आधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि कराराचंच पान उघडं आहे ना, ते पाहा. आधारला जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर, ओटीपीशिवाय पैसे काढता येतात. दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवणाऱ्या टोळ्या काही राज्यांत पोलिसांनी पकडल्या आहेत. यावरचा उपाय फुकट आहे: मायआधारवर किंवा आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्या-डोळ्यांची ओळख, लॉक करून ठेवा, नोंदणीपुरतं उघडा. तिथेच गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे-कुठे तपासलं गेलं, तेही दिसतं. मी तर घरातल्या ज्येष्ठांचं आधी लॉक करा म्हणेन; त्यांच्या खात्यात पेन्शन येते आणि एसएमएस ते वाचत नाहीत.

जुन्या घरांच्या वेळी वाटलेल्या प्रती परत येणार नाहीत. तेव्हा अधूनमधून दोन गोष्टी तपासा. संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' अशी तक्रार तिथेच करता येते. आणि आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर ती कंपनी आणि कर्ज देणारी संस्था, दोघांनाही लेखी कळवा.

खात्यातून पैसे गेलेच तर बँकेच्या शाखेकडे धावण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा. पैसा पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आला तरच परत मिळायची आशा असते.