संडासातून रक्त पडतंय? काय बघायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं

लोकलच्या डब्यात आणि मुतारीच्या भिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' ची स्टिकरं इतकी चिकटवलेली असतात की रक्त दिसलं की आपण स्वतःच ठरवून मोकळे होतो, मूळव्याधच आहे, उष्णता वाढलीये, सब्जा प्यायचा आणि गप्प बसायचं. आता बऱ्याचदा निघतं मूळव्याध नाहीतर फिशरच (गुदद्वाराला पडलेली चीर), ते खरंय. पण ते कोणीतरी तपासून सांगितलेलं पाहिजे ना, आपण अंदाजाने ठरवलेलं नको, कारण मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्याचा दुसरा आजार पण असू शकतो आणि दोन्हीत रक्तच पडतं.

फ्लश करायच्या आधी एकदा नीट बघा, लाज वाटली तरी. लालभडक ताजं रक्त बहुतेक वेळा अगदी खालच्या टोकाचं असतं. मूळव्याधीत ते थेंब थेंब किंवा धार लागून पडतं आणि सहसा दुखत नाही, फिशर असेल तर रक्त थोडंच पण संडासच्या वेळी कापल्यासारखं दुखतं आणि नंतर बराच वेळ आग होत राहते. गडद लाल किंवा संडासमध्ये मिसळलेलं रक्त असेल तर ते बहुधा आतड्यात वरून कुठूनतरी येतंय. सोबत आव, मुरडा, ताप असेल तर इन्फेक्शन असू शकतं, पावसाळ्यात हे जास्त. आणि संडास डांबरासारखी काळी, चिकट, भयंकर वासाची झाली तर रक्त जठरातून किंवा त्याच्या आसपासून येत असू शकतं, अल्सरमुळे वगैरे, गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर खाणाऱ्या आजी-आजोबांमध्ये याच्याकडे खास लक्ष द्या. (लोहाच्या गोळ्यांनी पण संडास काळी होते आणि बीट खाल्लं की लाल दिसते, तेव्हा काल काय खाल्लं ते आठवा आधी.)

हॉस्पिटलला लगेच कधी पळायचं तर रक्त थांबतच नाहीये, गुठळ्या पडतायत, चक्कर येतेय, छाती धडधडतेय, घाम फुटून अंग गार पडलंय, पोटात जोरात दुखतंय, किंवा ती काळी चिकट संडास. यात ओपीडीची वाट बघायची नाही, रात्र असली तरी मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर जे हॉस्पिटल जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जायचं, नाहीतर १०८ ला फोन. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर थोडं रक्त असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला सांगा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, त्या बऱ्याचदा हार्टसाठी किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून असतात आणि बंद केल्या तर तिकडे गडबड होऊ शकते.

घाई नाही पण टाळायचं पण नाही असे बाकीचे. रक्त परत परत येतंय, संडासची सवयच बदललीये म्हणजे कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, किंवा घरात आई-वडील, भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला आहे, तर आठवड्याभरात दाखवाच. चाळिशी-पन्नाशीनंतर तर नक्कीच, पण तरुणांना होत नाही असंही नाहीये.

आधी फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी चालेल, सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात सकाळी सर्जरी ओपीडीचा केसपेपर काढायचा. रंग, किती दिवस, दुखतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत हे मोबाईलमध्ये लिहून न्या, आत गेल्यावर संकोचाने निम्मं विसरायला होतं. ग्लोव्हज घालून बोटाने तपासतात, मग छोट्या नळीने आत बघतात, थोडं अवघडल्यासारखं होतं पण लवकर आटपतं. बायकांनी लेडी डॉक्टर मागावी किंवा सोबत नर्स असू दे म्हणावं, त्यात काही वावगं नाही. नुसतं ऐकून, न तपासता कोणी मलम लिहून दिलं आणि रक्त चालूच राहिलं तर दुसऱ्याला दाखवा. आणि ते स्टिकरवाले, काहीतरी इंजेक्शन देऊन किंवा दोरा बांधून मोकळे होणारे, त्यांच्यापासून लांबच राहा.

मूळव्याध किंवा फिशर पक्कं झालं तर बरंचसं काम पोट साफ ठेवण्याचंच असतं. पालेभाज्या, भाकरी, फळं, इसबगोल (पण भरपूर पाण्यासोबत, नाहीतर उलटंच होतं), कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं, कुंथायचं नाही, कमोडवर मोबाईल नाही. विरार-कल्याणहून येणारे प्रवासात जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, बायका तर जास्तच, तिथूनही बद्धकोष्ठ वाढतं, निदान ऑफिसला पोचल्यावर तरी बाटली रिकामी करा.

कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी) सांगितली तर लगेच कॅन्सर डोक्यात आणू नका, रक्त नक्की कुठून येतंय ते बघायला पण करतात आणि छोटा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब) दिसला तर बऱ्याचदा तिथेच काढून टाकतात. खरा त्रास आदल्या दिवशीचा, पोट साफ करायचं ते पाणी पितानाचा, त्यामुळे त्या दिवशी सुट्टी टाका आणि संडास मोकळा असेल असं बघा, चाळीत कॉमन संडास असेल तर नातेवाईकांकडे जाऊन राहिलेलं बरं. तपासणीच्या दिवशी गुंगीचं औषध देतात म्हणून सोबत माणूस न्या आणि येताना लोकल नको, टॅक्सी किंवा रिक्षाच करा.