गाउयाच्या खोऱ्यात एक दिवस: काय घ्यायचं, काय घरी ठेवायचं

यादीत पहिला नंबर बुटांचा नाही, रेनकोटचा पण नाही, गोचिडांचा आहे. हसू नका. आपल्याकडे गोचीड म्हटलं की म्हैस नाहीतर गल्लीतलं कुत्रं आठवतं, पण युरोपातल्या लॅटव्हियात उन्हाळ्यात गवतातून चाललात की ते माणसालाच लागतात आणि काहींच्या चाव्यातून मेंदूज्वराचा विषाणू अंगात जातो. याच्यावर लस आहे, पण एका डोसमध्ये काम होत नाही आणि डोसांमध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून ट्रिपचं नक्की झालं की लगेच डॉक्टरांशी बोलून घ्या, बॅग भरताना आठवून काही उपयोग नाही. ती लस गोचिडांमुळेच होणाऱ्या लाइम नावाच्या दुसऱ्या आजारावर चालत नाही, त्यामुळे लस घेतलेल्यांनी पण फुल पॅंट घालायची, फिक्या रंगाची, आणि पॅंट मोज्यात खोचायची. फोटोत शाळेच्या सहलीला आल्यासारखे दिसता, दिसू दे. सोबत बारीक टोकाचा चिमटा हवाच. गेल्या जुलैत नवऱ्याच्या गुडघ्यामागे मला तीळ दिसला, म्हटलं एवढ्या वर्षांत हा कधी दिसला नाही, आणि तेवढ्यात तीळ चालायला लागला. तो चिकटायच्या आत सापडला. चिकटला असेल तर कातडीला लागून धरायचा आणि सरळ वर ओढायचा, तेल लावणं, काडी पेटवून चटका देणं असले आजीचे उपाय अजिबात नाही.

आता कुठे जायचं ते. गाउया ही इथली नदी, आणि तिच्या खोऱ्यातलं गाउया नॅशनल पार्क हे लॅटव्हियाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, १९७३ सालचं, नऊशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, आणि ते एका दिवसात बघायचं म्हणणारे लोक मला दर उन्हाळ्यात भेटतात. सकाळी सिगुल्दा, दुपारी लिगात्ने, संध्याकाळी त्सेसिसचा किल्ला, असं काहीतरी कागदावर लिहून आणतात. तो कागद फाडा. पहिल्यांदा जात असाल तर सिगुल्दा गाव आणि नदीपलीकडचा तुराइदाचा किल्ला एवढंच धरा, दिवस सहज भरतो. लिगात्नेला नदीच्या नुसत्या प्रवाहाच्या जोरावर तारेला धरून पलीकडे जाणारा तराफा आहे, इंजिन वगैरे काही नाही, मला स्वतःला तो सगळ्यात आवडतो, पण तिथलं रेल्वे स्टेशन गावापासून लांब पडतं, तर तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

राजधानी रीगाहून सिगुल्दा ट्रेनने तासाभराच्या थोडंसं वर, अंतर पन्नासेक किलोमीटर. जायच्या गाडीपेक्षा परतीच्या गाड्यांच्या वेळांचा स्क्रीनशॉट जास्त महत्त्वाचा, कारण जूनच्या शेवटी सूर्य रात्री सव्वादहाच्या पुढे मावळतो आणि उजेडाकडे बघून वेळेचा अंदाज घ्यायची आपली सवय इथे पार फसवते. आम्ही एकदा संध्याकाळचे सहा झाले असतील म्हणून निवांत आइस्क्रीम खात बसलो होतो आणि घड्याळात नऊला दहा कमी. तारखा बघताना २३ आणि २४ जून पण बघा, त्या दिवशी लीगो आणि यानी, म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा सण, लोक डोक्यावर ओकच्या पानांचे नाहीतर फुलांचे मुकुट घालून रात्रभर शेकोटीपाशी जागतात, बघायला भारी, पण सुट्टी असल्यामुळे दुकानं आणि बस यांच्या भरवशावर राहू नका.

बूट. लॅटव्हियातला सगळ्यात उंच डोंगर ३१२ मीटरचा आहे हे ऐकून सिंहगड चढणारी मंडळी खुदकन हसतात आणि स्लीपर घालून येतात. पण इथे डोंगर नाही चढायचा, खोरं उतरायचं असतं, आणि सिगुल्दापाशी ते जवळजवळ ८५ मीटर खोल आहे. म्हणजे अंदाजे एक पर्वती उतरा, नदी ओलांडा, पलीकडे परत एक पर्वती चढा, आणि ओढ्याच्या घळी मध्ये आल्या की थोडं आणखी. लाकडी जिने आहेत, छान आहेत, पण पावसानंतर शेवाळलेल्या पाट्यासारखे घसरतात. चांगल्या ग्रिपचे बूट घ्या, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी सिगुल्दातच काठी विकत घ्यावी, रंगवलेल्या लाकडी काठ्या ही तिथली जुनी खासियत आहे, आठवण पण होते आणि आधार पण. सासूबाईंची काठी आता पुण्यात दाराच्या मागे असते, पाल हाकलायला.

गुडघे वाचवायचा दुसरा उपाय रोपवे. १९६९ पासून चालू आहे, किलोमीटरभर लांब, नदीच्या वर चाळीसेक मीटरवरून पलीकडच्या काठावरच्या क्रिमुल्दाला सोडतो. वारा फार असेल तर बंद ठेवू शकतात म्हणून सकाळीच उरकून घ्या. तिथून नागमोडी रस्त्याने खाली उतरलात की गुटमानची गुहा. १९ मीटर खोल, बाल्टिक देशांतली सगळ्यात मोठी म्हणतात, आपल्या अजिंठा-वेरूळच्या नजरेला एवढीशी वाटेल, पण भिंतीजवळ जाऊन बघा. सतराव्या शतकापासून लोकांनी तिथे नावं कोरलीत, घराण्यांची चिन्हं, साल, सुंदर वळणदार अक्षरं, एकावर एक. दगड वाळूचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातला, आणि इतका मऊ की नखाने सुद्धा ओरखडा उठेल. म्हणून यादीत हे पण लिहून ठेवा: किल्ली खिशात ठेवायची. आपल्या किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो ना, मग इथे तीनशे वर्षांच्या नावांशेजारी आपलं नको.

गुहेतून चढ चढून तुराइदा. लाल विटांचा किल्ला, रीगाचा बिशप आल्बर्ट याने १२१४ मध्ये बांधायला घेतलेला, आणि नावाचा अर्थ जुन्या लिव्ह भाषेत देवाची बाग. मला ते ऐकून पटकन देवराईच आठवली. बुरुजावर जायचा जिना अंगाबरोबरचा आहे, मोठी सॅक पाठीवर असेल तर खरवडत जाल आणि वरून कोणी उतरत आलं की मागे मागे यावं लागतं, तर सॅक छोटीच आणा. परत येताना तुराइदाहून सिगुल्दाला बस आहे, पाय बोलायला लागले की लाज न बाळगता बस घ्या.

खायचं काय? भारतातून येणाऱ्यांनी पेढे, तूप, खवा सामानात भरू नये, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ आणायला बंदी आहे. शेंगदाण्याची चटणी मात्र चालते, आणि ती इथल्या काळ्या राय ब्रेडवर, खाली लोणी थापून, अशी काही लागते की काय सांगू. आंबूस दाट पाव, त्यावर लसूण आणि तिखट. दोन स्लाइस आणि काकडी, जेवण झालं. पाण्याची बाटली घरी नळावर भरा, नळाचं पाणी इथे पितात. जुलैत जंगलात निळी बेरी खाली झुडपांना लागलेली असते, तोडून खायला बंदी नाही, फक्त कडक राखीव पट्ट्यात शिरू नका, आणि जीभ जांभळी होते, अगदी जांभळं खाल्ल्यासारखी. मशरूम मात्र माहीतगार सोबत नसेल तर हात लावायचा नाही.

बाकीचं भराभर. पातळ रेनकोट, कारण ऊन पडलंय म्हणून निघता आणि दुपारी सरी येतात. डासांचं रिपेलंट, नदीकाठी संध्याकाळी फार. पॉवरबॅंक. पासपोर्ट. इमर्जन्सीचा नंबर ११२. टॉवेल घ्या, पण पाय बुडवण्यापुरता, गाउया दिसायला शांत असली तरी प्रवाहाला ओढ आहे आणि तळ वाळूचा, एक पाऊल घोट्याएवढं आणि पुढचं कमरेएवढं. आणि एक शब्द पाठ करा, पाल्दिएस, म्हणजे थॅंक्यू.

रात्री घरी आलात की कपडे पलंगावर टाकायचे नाहीत. आधी बाथरूममध्ये लाइट लावून गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या इलास्टिकखाली, मुलांच्या कानामागे, केसांच्या कडेला नीट बघायचं, एकमेकांचं बघायचं, आणि कुठे तीळ नवीन वाटला तर बोट लावून बघायचं की चालतोय का.