कंत्राटी सरकारी काम थांबलं, तर आधी हे कागद ताब्यात घ्या

सरकारी कार्यालयातल्या कंत्राटी ऑपरेटरचं किंवा शिपायाचं काम बहुतेकदा एजन्सीचा करार संपला म्हणून जातं. 'एक तारखेपासून येऊ नका' हे तोंडीच सांगतात, तेही शेवटच्या आठवड्यात. लगेच बायोडेटा टाइप करायला बसू नका. साहेबांची बदली झाली, की तुम्ही तिथे चार वर्षं बसत होतात हे लिहून द्यायला कोणी उरत नाही.

अनुभवाचं पत्र कार्यालयाकडून मागा, एजन्सीचं वेगळं घ्या. 'तुम्ही आमचे कर्मचारी नाही' हे उत्तर ठरलेलं. त्यावर वाद न घालता मजकूर तुम्हीच तयार करून न्या: 'श्री. अमुक हे तमुक एजन्सीमार्फत दि. … ते दि. … या कालावधीत या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत संगणकचालक म्हणून कार्यरत होते.' यात कोणी कायम होत नाही, त्यामुळे सही करायला अडचण कमी येते. पत्रावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि अधिकाऱ्याचं पदनाम हवंच. जावक क्रमांक नसलेलं पत्र पुढे पडताळणीत अडकतं. अर्ज टपाल शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. तरीही टोलवाटोलवी झाली, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून हजेरीपत्रकाच्या प्रती मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गाऱ्हाणं लिहू नका. फक्त कागदाचं नाव आणि कालावधी लिहा.

खरा घोळ असतो तो पीएफमध्ये. पासबुक उघडा. १५,००० पगारावर तुमचे १,८०० दिसले पाहिजेत, आणि मालकाच्या हिश्शातून ५५० पीएफला व १,२५० पेन्शनला. मधले महिने कोरे दिसले, तर एजन्सीनं पगारातून कापलेले पैसे भरलेलेच नाहीत असं होऊ शकतं. एजन्सीनं हात वर केले तरी कार्यालय मूळ मालक म्हणून जबाबदार असतं, तेव्हा तक्रार दोघांच्याही नावानं करा. मासिक बिलासोबत एजन्सीनं पीएफचं चलन जोडलेलं असतं; त्याची प्रतही माहिती अधिकारात मागता येते, आणि चलनाच्या यादीत तुमचं नाव आहे की नाही ते तिथेच कळतं.

एजन्सीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून ती तुम्हाला स्वतः टाकता येते. नीट पाहून टाका, नंतर सहज बदलत नाही.

पैसे लगेच काढायची घाई आमच्या मते चुकीची. पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा जास्त काढले, तर पॅन जोडलेला असूनही १० टक्के कर कापला जाऊ शकतो. त्याहून मोठं नुकसान पेन्शनचं: तिला एकूण १० वर्षं सेवा लागते आणि फॉर्म १०सी भरून रक्कम उचलली की तोवरची वर्षं पुसली जातात. दर दोन वर्षांनी एजन्सी बदलणाऱ्यांनी जुनी खाती एकाच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) वर्ग करत राहावं. नवी एजन्सी नवा यूएएन काढू लागली, तर थांबवा.

कामावरून कमी केल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असं वेतन संहिता सांगते. एकाच एजन्सीकडे सलग पाच वर्षं झाली असतील, तर ग्रॅच्युइटीही मागा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,२०० पगार आणि सहा वर्षं म्हणजे ६३,०००.

ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल, तर कार्ड फेकू नका. ऑक्टोबर ते मार्च या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ३१ मार्चला काम सुटूनही जुलै ते डिसेंबर उपचार मिळतात.

आता नवं काम. पहिला शोध जुन्याच खुर्चीचा घ्या. कार्यालयं मनुष्यबळाच्या निविदा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर काढतात आणि त्या लॉगिनशिवाय दिसतात. विभागाच्या नावानं शोधा, निकाल लागला की कंत्राट कोणाला मिळालं ते पाहा, आणि अनुभवपत्र घेऊन त्या एजन्सीला गाठा. तयार माणूस तिलाही हवाच असतो. 'डिपॉझिट भरा, मग ऑर्डर देतो' म्हणणाऱ्याला मात्र छदामही देऊ नका.

खासगीत जायचं असेल, तर सरकारी भाषा उतरवून ठेवा. 'आवक-जावक पाहिली' यातून मालकाला काही कळत नाही. 'रोज सव्वाशे पत्रांची ई-ऑफिसवर नोंद आणि प्रलंबित प्रकरणांचा साप्ताहिक तक्ता' हे कळतं; आकडा अर्थात तुमचा खरा हवा. सेवार्थ किंवा शालार्थ या सरकारी पगारप्रणालींमध्ये पगारबिलं केलेला माणूस शिक्षण संस्थेला आणि सीएच्या ऑफिसला चालतो. जेमवर बिलं आणि निविदा हाताळणारा तर सरकारला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला हवाच असतो. बिल कुठल्या टेबलावर का अडतं हे बाहेरच्याला माहीत नसतं. ही वाट फार कमी जण धरतात.

सरळसेवेचा विचार असेल, तर आधी वय मोजा: सर्वसाधारणपणे खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टंकलेखन प्रमाणपत्र लागतं. ते नसेल, तर जाहिरातीची वाट न पाहता आताच परीक्षेला बसा. 'पुढे कायम करतील' या आशेवर वर्षं काढू नका. उमादेवी खटल्यात २००६ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तात्पुरत्या नेमणुकीतून कायमपणाचा हक्क आपोआप येत नाही.

महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरची नोंदणी फुकट आहे. तिथला फोन नंबर तेवढा चालू ठेवा, रोजगार मेळाव्याचे निरोप त्यावरच येतात.