पक्षाघातानंतर हरपलेले बोलणे: मेंदू ते कसे सावरतो आणि घरच्यांनी सराव कसा घ्यावा

उजव्या अंगावरून वारे गेले आणि त्यासोबत वाचाही गेली, अशा अवस्थेत वडीलधाऱ्या माणसाला मिरजेच्या रुग्णालयातून घरी आणल्यावर बहुतेक कुटुंबे हातापायाच्या व्यायामासाठी धडपडतात, पण बोलण्याच्या बाबतीत मात्र ‘येईल हळूहळू’ म्हणून थांबतात. हे थांबणे महागात पडते. बोलण्यालाही व्यायाम लागतो, आणि तो व्यायाम दिवसातला बराच वेळ सोबत असणारी घरची माणसेच सर्वांत जास्त देऊ शकतात.

उजव्या हाताने कामे करणाऱ्या सुमारे ९५ टक्के माणसांमध्ये भाषेचे काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालते, आणि शरीराची उजवी बाजूही हाच भाग चालवतो. त्यामुळे डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की उजवा हात आणि भाषा यांना एकाच वेळी धक्का बसतो. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६१ मध्ये अशा एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, ज्याला बोललेले कळत असे पण ‘टॅन’ या एका उच्चारापलीकडे फारसे काही बोलता येत नसे. इजा डाव्या कपाळामागच्या भागात आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी कानाच्या वरच्या-मागच्या भागातील इजेचे वर्णन केले, ज्यात माणूस भराभर बोलतो, परंतु बोलण्याला अर्थ लागत नाही आणि समोरच्याचे म्हणणेही त्याला नीट उमगत नाही. या दोन्ही प्रकारच्या विकाराला वाचाघात म्हणतात. केवळ जीभ आणि ओठ लुळे पडून उच्चार बोबडे होणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे शब्द आणि वाक्यरचना शाबूत असतात. वाचाघातात बुद्धी जात नाही आणि कानही जात नाहीत, म्हणून मोठ्याने ओरडून सांगण्याचा काही उपयोग होत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते आणि मृत पेशींच्या कडेचा, अर्धवट रक्तपुरवठ्यावर तग धरलेला भाग पुन्हा काम करू लागतो, त्यामुळे सुधारणेचा सर्वाधिक वेग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. त्यानंतरचे काम सावकाश चालते: इजा झालेल्या जागेशेजारचे डावे भाग, आणि इजा मोठी असेल तर काही प्रमाणात उजव्या बाजूचे भागही, भाषेची जबाबदारी उचलू लागतात. ही नवी जोडणी वापराने पक्की होते. सहा महिने उलटले म्हणजे सारे संपले, हा समज चुकीचा आहे. जर्मनीतील १५६ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या रुग्णांनाही आठवड्याला किमान दहा तास, असे तीन आठवडे वाचा-उपचार दिल्यावर रोजच्या संभाषणात फायदा झाल्याचे आढळले.

सरावाला सुरुवात करण्यापूर्वी शिल्लक काय आहे ते पाहावे. ‘आपण आत्ता सांगलीत आहोत का?’ आणि थोड्या वेळाने ‘आपण आत्ता कोल्हापुरात आहोत का?’ असे दोन्ही विचारावे. दोन्हींना मान डोलावली जात असेल, तर त्या माणसाच्या ‘हो’वर अजून विसंबता येत नाही, हे लक्षात ठेवून औषध, जेवण किंवा कागदपत्रांवरील सही अशा बाबतीत वस्तू समोर धरून खात्री करावी. बोलता येत नाही तर लिहून दाखवा, असा आग्रह धरू नये, कारण वाचाघातात लिहिणे-वाचणेही बहुधा बिघडलेले असते. गिळताना ठसका लागत असेल तर सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

संभाषणासाठी दूरचित्रवाणी बंद करावी, समोर बसावे, एका वेळी एकच विषय घ्यावा आणि वाक्य छोटे ठेवावे. मात्र सूर लहान मुलाशी बोलल्यासारखा नसावा. ज्या सुनेने आयुष्यभर सासऱ्यांना ‘तात्या, जेवलात का?’ असे विचारले, तिने आता ‘खाल्लं का बाळानं?’ म्हणू लागणे त्या माणसाला फार लागते, आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजावेत. माझ्या मते साऱ्या मार्गदर्शनात ही एक गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण शब्द आपल्या ओठांवर तयार असतो आणि मायेपोटीच आपण तो पुरवून टाकतो.

शब्द काढून घेण्याची रीत एका उदाहरणाने सांगतो. हळदीच्या व्यापारात हयात घालवलेल्या तात्यांच्या डाव्या हातात हळकुंड दिले आणि ते ‘गूळ’ म्हणाले, असे समजू. मेंदू योग्य कप्प्यापर्यंत पोहोचला आहे, शेजारचा शब्द हाती लागला आहे. तेव्हा ‘चूक’ असे म्हणू नये. रंग कोणता, शेतात येते की झाडावर, काढल्यावर शिजवतात की तशीच वाळवतात, पेठेत कुठे विकतात, असे एकेक विचारत जावे. उत्तर खुणेने आले तरी चालते. अर्थाच्या या धाग्यांनी शब्द जागा होण्याची शक्यता वाढते. तरीही आला नाही तर ‘भाजीत तिखट, मीठ आणि…’ असे वाक्य अर्धवट सोडावे, मग ‘ह…’ हा पहिला आवाज द्यावा, आणि शेवटी ‘हळद’ असे आपण म्हणून त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्यावे. पाच मिनिटांनी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. शब्द पुस्तकातले नकोत. पाणी, भाकरी, नको, दुखतंय, लघवीला, नातवंडांची नावे, गल्लीतल्या मित्राचे नाव असे पंधरा-वीस शब्द निवडून त्यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवावीत.

एक शब्द न सुटणारा माणूस आरती सुरात म्हणतो किंवा एक ते दहा अंक घडाघडा मोजतो, तेव्हा घरच्यांना आश्चर्य वाटते. पाठ झालेल्या आणि सुरात बांधलेल्या बोलण्याला नवे वाक्य जुळवण्याची गरज नसते, म्हणून ते टिकून राहते. ते रोज म्हणवून घ्यावे, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. ‘पाणी हवं’ यासारखे छोटे वाक्य वर-खाली दोन सुरांत, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत म्हणायचे आणि मग सूर हळूहळू काढून घ्यायचा, या पद्धतीवर अमेरिकेत १९७३ पासून काम झाले आहे. ज्यांना कळते पण बोलता येत नाही, त्यांना ती उपयोगी पडू शकते. भराभर निरर्थक बोलणाऱ्यांसाठी ती नव्हे. अशा माणसाशी आपण कमी बोलावे, खुणा आणि चित्रे वापरावीत आणि प्रत्येक चूक दुरुस्त करत बसू नये.

जत भागातील अनेक घरांत कन्नड आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात. दोन्ही भाषा बहुधा बरोबरीने सुधारतात, पण नेहमीच नाही; जी येईल ती येऊ द्यावी, ‘मराठीतच बोला’ म्हणून अडवू नये.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा आणि शक्यतो सकाळी सराव घ्यावा, कारण इजा झालेला मेंदू लवकर थकतो. रुग्णालयातून सुटी मिळतानाच वाचा-उपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्यावी. शिराळा किंवा आटपाडीहून दर आठवड्याला मिरज गाठणे जमत नसेल, तर घरचा सराव कागदावर लिहून घ्यावा आणि मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर होतील का ते विचारावे. माणूस सतत रडत असेल, सरावाला तोंड फिरवत असेल, जेवण टाळत असेल, तर त्याला हट्ट समजू नये. पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळांना येते आणि त्यावर औषध आहे. सुधारत आलेले बोलणे अचानक बिघडले, तोंड वाकडे झाले किंवा हात गळून पडला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले ते डॉक्टरांना सांगावे, कारण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.