चराऊ रानात सावलीची झाडं लावताना

एकच मोठं झाड ठेवू नका, सगळी जनावरं त्याच्याखालीच गर्दी करतात, शेण-मूत साचून चिखल होतो आणि मुळांवरची माती दबून झाडच वाळायला लागतं. त्यापेक्षा उत्तर-दक्षिण रांग लावा, म्हणजे दिवसभर सावली सरकत राहते आणि जनावरंही तिच्यामागं सरकतात, जमीन सुकते, शेणखत आपोआप पसरतं. पाण्याच्या टाकीजवळ मात्र नको, तिथं आधीच राडा असतो.

खरी कटकट रोपं जगवायची. गाई-म्हशी पाला तर खातातच, वर अंग घासून रोप मोडतात, त्यामुळं मजबूत खांब रोवून जाळी मारा, ती रोपापासून लांबच हवी, नाहीतर मान घालून शेंडा खातातच. शेळ्या असतील तर देवच वाचवो! कण्हेर अजिबात लावू नका, विषारी असते. झाड वाढलं की खालच्या फांद्या छाटा, वारा खेळतो.