फिश टँकचं स्टँड: कोकणातल्या घरात या चुका टाळा

रत्नागिरीला झाडगावचं मत्स्यालय बघून आलं की पोरं घरी पोचेपर्यंत टँकचा हट्ट धरतात. मग टँक, मासे, दिवा, खडे सगळं हौसेने घेतलं जातं आणि शेवटी कोणीतरी विचारतं, "पण ठेवायचा कशावर?" मग घरात जे टेबल रिकामं असेल ते पुढे ओढायचं. आमच्याकडे ती टीव्हीची जुनी ट्रॉली होती.

टँक दोन फुटी. मे महिन्यात भरला आणि गणपतीच्या तोंडावर ट्रॉलीखाली ओल दिसली. पावसात आमच्याकडे फरशीलाही घाम फुटतो, म्हणून चार दिवस नुसतं पुसत राहिलो. ट्रॉली भुशाच्या बोर्डाची. पाणी बदलताना सांडलेले थेंब कडेच्या पट्टीतून आत शिरले, बोर्ड एका बाजूने फुगला आणि टँकच्या एका कोपऱ्याखाली उंचवटा आला. सिलिकॉनचा जोड नेमका तिथेच सुटला. ट्रॉली मात्र धडधाकट! सगळे विचारतात, "वजन पेलेल ना?" आपल्याकडे खरा प्रश्न पुढचा आहे: चार महिने दमट हवा खाऊन ते स्टँड सरळ राहील का?

वजनाचा हिशोब तरीही करा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये खडे घालून आणि वर थोडी जागा सोडून साधारण 105 लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. खडे 20 किलो, काच 25 ते 30 किलो. एकूण दीडशेच्या वर, म्हणजे सिमेंटच्या तीन गोणी रात्रंदिवस एका जागी. स्टँड आणलं की पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे आठ जार त्यावर एक रात्र ठेवा. सकाळी बाजूने हलकं ढकलून बघा. डुलत असेल तर मागे फळी किंवा तिरकी पट्टी नाही, असं समजा. चिपळूणच्या बाजूला कोयनेचे हलके धक्के अधूनमधून जाणवतात. तिथे उंच आणि अरुंद स्टँड नकोच.

आता सर्वात दुर्लक्षित गोष्ट. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून सगळे कल बघतात, पीळ कोणी बघत नाही. तीन फुटांत दोन-तीन मिलिमीटरचा कल टँक सोसतो. पण चारांपैकी एक कोपरा वर किंवा खाली असेल, तर तळाची काच पिळली जाते आणि ती आज नाही तर दोन महिन्यांनी दगा देते. सुतार करतात तसं करा: समोरासमोरच्या कोपऱ्यांतून फुलीसारखे दोन दोरे ताणा. मध्ये एकमेकांना नुसते टेकले तर वरचा भाग सपाट. एक दोरा दुसऱ्याला दाबतोय वाटलं, तर दोऱ्यांची वरखाली अदलाबदल करा. आता मध्ये फट दिसली तर पीळ आहे. पाचर मारायची ती स्टँडच्या पायाखाली. टँकखाली पुठ्ठ्याची घडी कधीही नाही, सगळा भार त्या एका घडीवर येतो. बिनचौकटीच्या काचेच्या टँकखाली पूर्ण तळाएवढा थर्माकोल घाला. तो बारीक खडबड झाकतो, पीळ नाही.

लोखंडी स्टँड घेताना रंग बघून भुलू नका. खारी हवा आधी वेल्डिंगचे सांधे खाते, मग चौकोनी पाइपची उघडी तोंडं. पाइप आतून गंजत असतो आणि बाहेरून रंग चकचकीत! सांधे घासून रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या अस्तर-रंगाचे) दोन हात द्यायला सांगा, पाइपची तोंडं बंद करून घ्या, पायांना रबरी बूट बसवा. दुकानदार "दरवर्षी रंग मारा" म्हणतो, पण भरलेल्या टँकखाली ब्रश घालणार कुठून? जे करायचं ते आधीच.

लाकूड असेल तर साग किंवा जुन्या घराचे किंजळ-ऐनाचे वासे उत्तम. वाळवीचं औषध मारलंत तर स्टँड पूर्ण सुकू द्या. अशी बरीच औषधं माशांना विष असतात. डासांच्या स्प्रेचंही तेच, कारण एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) दोन ठोकळे, त्यावर जाड प्लाय. चिऱ्याला ना गंज, ना वाळवी. नुसता कडप्पा मात्र आडवा टाकू नका. मध्ये आधार नसेल तर तो न वाकता एकदम तडकतो. चिऱ्याच्या भिंतीत खिळे ठोकून ब्रॅकेटवर टँक ठेवायचा विचारही नको. सारवलेली जमीन असेल तर चारही पायांखाली एक सलग लादी घाला, नाहीतर पाय कमीजास्त रुततात.

टँक भरला की चारही कोपऱ्यांना पाण्याच्या पातळीवर मार्करने खूण करा. पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. पाणी बाष्पाने सगळीकडे सारखं उतरतं. एकाच कोपऱ्यात खूण आणि पाणी यांतलं अंतर वाढत असेल, तर स्टँड हललंय. मासे बादलीत काढून एअर पंप चालू ठेवा, नळीने पाणी पूर्ण उपसा आणि मगच टँक हलवा. भरलेला टँक चौघांनी मिळूनही उचलू नका.