चाळिशीनंतर गिटार, तीही कोकणात

पंचेचाळीस-पन्नाशीत गिटार घ्यायची असेल तर बिनधास्त घ्या, बोटं वळतात, फक्त थोडा वेळ घेतात. बोटं फार दुखतील अशी भीती असेल तर नायलॉन तारांची क्लासिकल गिटार बघा, आणि स्टीलचीच हवी असेल तर दुकानदाराला दहा नंबरचा हलका, म्हणजे पातळ तारांचा सेट लावून द्यायला सांगा.

आता आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम म्हणजे हवा. रत्नागिरी काय, मालवण काय, खारं वारं आणि चार महिने पाऊस, स्टीलच्या तारा बघता बघता गंजतात, आणि लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो, आपल्याकडे पावसात तो ८० च्या वर जातो, मग लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. म्हणून वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसा, गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि समुद्राकडच्या खिडकीजवळ भिंतीला टांगू नका प्लीज.

ट्यूनिंगला, म्हणजे तारा सुरात लावायला, मोबाईलवर फुकट अ‍ॅप मिळतं, जाड तारेपासून सूर असे: ई ए डी जी बी ई.

पहिली कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) ई मायनर धरा, बारीक तारेपासून मोजून चौथ्या आणि पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) दोनच बोटं, झालं. मग ए मायनर. या दोघींत एका मिनिटात किती वेळा बदल जमतो ते रोज मोजा. रोज पंधरा मिनिटं पुरे, रविवारी दोन तास बसून मनगट दुखवून घेऊ नका, या वयात ते लवकर बरं होत नाही. बोटांची टोकं तीन-चार आठवड्यांत घट्ट होतात.